आधी शेवटचा नकाशा

खाण आराखड्याच्या फायलीत कोणते नकाशे लागतात ते ठरलेलं आहे. जागेचा, पृष्ठभागाचा, खालच्या थरांचा, मग पहिल्या वर्षापासून पाचव्या वर्षापर्यंत कुठे किती खोल खणणार त्याचे, आणि सगळ्यांत मागे एक: खाण संपल्यावर ती जागा कशी दिसेल त्याचा. या शेवटच्या नकाशात मधोमध निळं तळं असतं, भोवती झाडांच्या हिरव्या टिकल्या आणि कडेनं कुंपणाची रेघ. बहुतेक फायलींत तो फाइल दाखल करायच्या आदल्या रात्री तयार होतो, पुष्कळदा आधीच्या एखाद्या फायलीतून उचलून.

मी तो सगळ्यांत आधी काढतो. दगडाच्या आणि खडीच्या खाणींचे आराखडे करणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, आणि खाण संपल्यावर तिथे काय उरणार हे पहिला सुरुंग उडण्याआधीच ठरतं, असं माझं ठाम मत झालेलं आहे. वरची माती कुठे टाकायची आणि दगडाला तोंड कुठून फोडायचं, या दोन निर्णयांत ते ठरून जातं. पुढे दहा वर्षांनी कुणी कितीही रोपं लावली तरी त्या दोन निर्णयांची भरपाई होत नाही. हे निर्णय होतात ते क्रशरवरच्या पत्र्याच्या ऑफिसात, चहाच्या कपासोबत, आणि त्यांची नोंद कुठल्याही इतिवृत्तात सापडत नाही.

२०१२ च्या आधी पाच हेक्टरांपेक्षा लहान खाणीला पर्यावरण मंजुरी लागतच नव्हती. त्या वर्षी २७ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयानं दीपक कुमार विरुद्ध हरियाणा या प्रकरणात आदेश दिला आणि छोट्या गौणखनिजाच्या खाणीही मंजुरीच्या कक्षेत आल्या. पाठोपाठ राज्यात २०१३ चे गौणखनिज नियम आले. तोवर एका सातबाऱ्यावर, तहसीलच्या परवान्यावर चाललेले खाणमालक एकदम आराखडा करून देणारा माणूस शोधू लागले. माझ्याकडे तेव्हा आलेले एक क्रशरमालक, गावात त्यांना सगळे आबा म्हणतात, खुर्चीत बसताच म्हणाले, "साहेब, तळं, झाडं, जे काय दाखवायचं ते दाखवा. मला खडी काढू द्या." आबांशी माझा संबंध पुढे बरीच वर्षं राहिला, आणि या लेखातल्या बऱ्याच गोष्टी त्यांच्याच खाणीवरच्या आहेत.

आधी दगडाविषयी. दख्खनच्या पठाराचा हा काळा पाषाण साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. एकावर एक पोळ्या रचाव्यात तसे त्याचे थर. प्रत्येक थराचा माथा वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला, तो झिजून मुरूम होतो. मधला गाभा घट्ट आणि काळा, खडीला हवा तो हाच. दोन थरांच्या मध्ये कधीकधी विटकरी लाल मातीचा पट्टा असतो. गाभा किती खोलीवर लागेल हे टेकडीकडे बघून कळत नाही, आणि दोन हेक्टरांच्या खाणीसाठी बोअर मारून नमुने काढायला मालक सहसा तयार होत नाही.

अशा वेळी आम्ही शेजारच्या विहिरींत डोकावतो. विहीर खणणाऱ्यानं सगळा भूगोल उघडा करून ठेवलेला असतो. वर काळी माती, खाली पांढरट मुरूम, मग मांजऱ्या, मग कडक दगड. काठावर पालथं पडून टॉर्च मारायची आणि टेप सोडायची. आबांच्या खाणीशेजारच्या विहिरीत साधारण पंचवीस फुटांवर लाल पट्टा दिसला, हातभर जाडीचा. विहीरमालक म्हणाला, "त्याच्याच आंगचं पाणी येतं आम्हाला, आन् पावसाळ्यात तिथूनच ढासळते पण." एवढ्या एका वाक्यानं आमचा आराखडा बदलला. हा लाल थर ओला झाला की फुगतो, सुटतो आणि वरचा भार घेऊन खाली येतो. म्हणून त्या पातळीवर पायरी नेहमीपेक्षा जास्त रुंद ठेवली. पायरीला खाणीवर सगळे बेंच म्हणतात. आबांनी लगेच हिशेब मागितला, "तेवढ्या रुंदीत माझे किती ब्रास अडकले?"

ब्रास हे आमच्या धंद्याचं माप. शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. रॉयल्टी ब्रासवर, विक्री ब्रासवर, दंडही ब्रासवर. आतली गोष्ट अशी की खाणीतला अखंड एक ब्रास दगड फुटून डंपरमध्ये पडला की साधारण दीड ब्रास भरतो, कारण तुकड्यांमध्ये पोकळी येते. गौणखनिज शाखेची माणसं यंत्रानं खड्डा मोजतात तेव्हा अखंड दगडाचं माप निघतं. मालक पावत्या दाखवतो त्या सुट्या मालाच्या. आराखड्यात हा फरक आधीच लिहून ठेवला नाही तर पुढे वाद ठरलेला. हे मी इथे सांगतो याचं कारण, खाणीच्या शेवटावर होणारी प्रत्येक चर्चा अखेर याच मापावर येते. पायरी म्हणजे अडकलेले ब्रास. उतार म्हणजे अडकलेले ब्रास. हद्दीलगतचा पट्टाही तसाच.

हा पट्टा साडेसात मीटरचा. मेटॅलिफेरस माइन्स रेग्युलेशन्स, १९६१ प्रमाणे खाणीच्या हद्दीपासून साडेसात मीटरांच्या आत खोदकाम करायचं नाही. कागदावर ही किरकोळ बाब वाटते. पण दोन हेक्टरांचा चौकोनी तुकडा घेतला तर चारी बाजूंनी हा पट्टा सोडल्यावर चार हजार चौरस मीटर जातात, म्हणजे जमिनीचा पाचवा हिस्सा. हा आकडा पहिल्यांदा ऐकल्यावर मालकाचा चेहरा उतरतो, आणि त्याचं मला कधी आश्चर्य वाटलेलं नाही. कर्ज काढून, भावाभावांची संमती जुळवून त्यानं ती जमीन घेतलेली असते. त्या क्षणी त्याला पर्यावरणावर ऐकवणं निरुपयोगी असतं. मी त्याला मातीचा हिशेब दाखवतो.

टेकडीवर माती जेमतेम अर्धा फूट. पट्टा सोडून उरलेल्या सोळा हजार चौरस मीटरांवरून ती काढली तरी अडीच हजार घनमीटरांच्या आसपास भरते, साडेआठशे ब्रास. ही माती कुठे जाणार? पुष्कळ ठिकाणी ती पहिल्या महिन्यातच जाते. वीटभट्टीवाला नेतो, रोपवाटिकेवाला नेतो, कुणाच्या तरी प्लॉटच्या भरावात जाते. त्या मातीत त्या टेकडीच्या गवताचं बी असतं, पळसाच्या मुळ्या असतात, शेकडो वर्षांत तयार झालेले बारीक जीव असतात. ती एकदा गेली की खाण संपल्यावर झाडं लावायला उरतो तो मुरूम, आणि मुरमात खड्डे करून, बाहेरून दोन घमेली माती आणून लावलेलं रोप दुसरा उन्हाळा क्वचितच पाहतं.

आबांना मी सांगितलं, माती विकू नका आणि ढीगही लावू नका. पहिलं वाक्य त्यांनी गृहीतच धरलं होतं, दुसऱ्यानं ते चकित झाले. ढीग लावायचाच झाला तर तो बुटका हवा, दीड-दोन मीटरांहून उंच नको, वर ताग किंवा धैंचा पेरायचा, नाहीतर आतली माती हवेविना मरते. पण ढीग लावला की माती दोनदा उचलावी लागते. एकदा आज, एकदा दहा वर्षांनी, दोन्ही वेळा पोकलेन आणि डंपर. त्याऐवजी काम वरून खाली, एका कोपऱ्यातून सुरू करायचं, तिथली सगळ्यांत वरची पायरी लवकरात लवकर तिच्या अखेरच्या रेषेपर्यंत न्यायची आणि पुढच्या तुकड्यावरची काढलेली माती थेट त्या पायरीवर नेऊन पसरायची. सहा मीटर रुंद पायरी सगळीकडून फिरवली तर तिचं क्षेत्रफळ तीन हजार चौरस मीटरांच्या जवळ जातं. सगळी माती तिच्यावर पसरली तर अडीच फुटांच्या वर थर बसतो. झाड जगायला तेवढा पुरे.

आबांनी कॅल्क्युलेटर ओढला. दुसऱ्यांदा उचलण्याचं डिझेल किती वाचतं ते त्यांनी स्वतः काढलं, पोकलेनच्या तासांसकट. मग मुकादमाला हाक मारली आणि माझ्यासमोर सांगितलं, "वरची माती एक घमेलं पण गेटबाहेर जायची नाही." हिरवळीचं कारण त्यांना त्या दिवशी पटलं नव्हतं, डिझेलचं पटलं. माझ्या दृष्टीनं ते पुरेसं होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात त्या पायरीवर कुणी न लावलेलं कुसळी गवत उगवलं, कारण बी त्या मातीतच होतं.

तोंड कुठून फोडायचं, हा दुसरा निर्णय. तो गावानं आमच्याकडून करून घेतला.

खाणीच्या पूर्वेला थोड्या अंतरावर वस्ती होती. ग्रामसभेत तीन तक्रारी आल्या: धूळ कांद्याच्या पातीवर बसते, विहिरीचं पाणी जाईल, सुरुंगानं घरांना तडे जातील. धुळीचं उत्तर तुलनेनं सोपं आहे. क्रशर पत्र्यानं झाकायचा, पाण्याचे फवारे चालू ठेवायचे, रस्ता ओला ठेवायचा आणि वाऱ्याच्या बाजूला भिंत बांधायची. ते केलं की नाही हे कुणालाही डोळ्यांनी दिसतं. तडे जाण्याचं प्रकरण अवघड. हादऱ्याची मर्यादा मिलीमीटर प्रति सेकंद या मापात असते. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकानुसार साध्या राहत्या घराला, कंपनांची वारंवारता ८ हर्ट्झच्या खाली असेल तर, ५ मिलीमीटर प्रति सेकंद. एका चाचणी स्फोटाच्या वेळी आम्ही यंत्र वस्तीतल्या सगळ्यांत जवळच्या घराच्या ओट्यावर ठेवलं. घर दगडमातीचं, जुनं. त्या घरातल्या आजींनी यंत्राकडे पाहिलं, आत गेल्या आणि काठोकाठ भरलेला तांब्या आणून यंत्राशेजारी ठेवला.

भोंगा झाला. सुरुंग उडाला. यंत्राचा आकडा मर्यादेच्या चांगला आत होता. तांब्यातल्या पाण्यावर मात्र वर्तुळं उठली आणि थोडं पाणी ओट्यावर सांडलं. आजी म्हणाल्या, "तुमचं खरं असंल सायेब. पण हे रोज सांडणार, आन् मी रोज बघणार."

ब्लास्टर आमच्याबरोबर होता. परतताना त्यानं जे सांगितलं ते पुस्तकांत असतं, पण त्याच्या तोंडी दोन वाक्यांत आलं: "दगड समोर उडतो, हादरा मागं जातो. तोंड गावाकडं केलं तर दगडाची भीती, पाठ गावाकडं केली तर भिंतीची." स्फोटात मोकळ्या बाजूला दगड सुटतो, आणि त्याच्या मागच्या अखंड खडकातून कंपनं जास्त जोरात जातात. आमच्या मूळ नकाशात तोंड पश्चिमेकडे होतं, म्हणजे गाव बरोबर पाठीमागे. आम्ही कामाची दिशा काटकोनात वळवली आणि तोंड उत्तरेला घेतलं. गाव कुशीला आलं. एकाच क्षणी उडणारा भार कमी करण्यासाठी भोकांमध्ये मिलीसेकंदांचे डिले वाढवले. स्फोटाची वेळ दुपारची, एकच, आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेली. पुढच्या चाचणीत आजींच्या तांब्यातलं पाणी हललं, सांडलं नाही. यंत्रावरचा आकडाही जवळजवळ निम्म्यावर आला होता. पण ग्रामसभेनं ठराव केला तो तांब्यातलं पाणी पाहून.

दिशा उत्तरेला वळल्याचा आणखी एक परिणाम झाला. खाणीचा सखल भाग उत्तरेला येणार होता, आणि तिथूनच ओढा जात होता. शेवटच्या नकाशातलं तळं आता त्या बाजूला सरकवता येणार होतं.

या तळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण महाराष्ट्रात खाणीच्या पुनर्वसनाच्या नावाखाली सर्वांत जास्त फसगत इथेच होते. खडीच्या खाणीत खड्डा बुजवायला काही उरत नाही. कोळशाच्या किंवा लोखंडाच्या खाणीत निरुपयोगी मालाचे डोंगर उरतात, ते परत भरता येतात. इथे सगळा दगड विकला जातो. उरलेल्या खड्ड्यात पावसाचं पाणी साठतं आणि त्याला आपण तळं म्हणतो. पण चारी बाजूंनी उभ्या कड्यांच्या आत साठलेलं पाणी हा मृत्यूचा सापळा असतो. दर उन्हाळ्यात आणि दर पावसाळ्यात बंद खाणींत पोहायला गेलेली, कपडे धुवायला किंवा गुरांना पाणी पाजायला गेलेली माणसं बुडाल्याच्या बातम्या येतात. पोहता येणाराही बुडतो, कारण दमल्यावर पाय टेकायला आणि वर चढायला जागा नसते. कुंपण हा त्यावर उपाय नाही. तारेचं कुंपण पहिल्या दोन वर्षांत भंगारात जातं.

इंग्लंडमध्ये नदीकाठची वाळू-खडी काढलेल्या जुन्या खाणी पाण्यानं भरून पक्ष्यांची राखीव क्षेत्रं झाली आहेत. नॉटिंगहॅमजवळचं ॲटनबरो हे १९६६ पासूनचं प्रसिद्ध उदाहरण. आमच्या सेमिनारांत त्याचे फोटो हमखास दाखवतात. पण तिथला माल सुटा, नदीनं आणून टाकलेला. त्याचे काठ मुळातच सौम्य उताराचे करता येतात. आपला काळा पाषाण सरळ तुटतो आणि सरळ उभा राहतो. आपल्याकडे उतार मुद्दाम राखून ठेवावा लागतो, आणि राखून ठेवायचा म्हणजे पुन्हा ब्रास.

पठारावर वर्षाला दीड ते दोन मीटर पाणी नुसतं वाफ होऊन जातं. त्यामुळे सगळं तळं उथळ केलं तर मार्चअखेर कोरडं पडेल, आणि सगळं खोल केलं तर काठ धोक्याचे. म्हणून आबांच्या खाणीचा शेवट असा आखला: दक्षिणेला खोल डोह, उत्तरेला ओढ्याच्या बाजूनं उथळ पायरी, आणि या दोन्हींना जोडणारी, डंपर वर-खाली जाण्यासाठी खाणीत असतेच ती उताराची वाट. तिला सगळे रॅम्प म्हणतात. हाच रॅम्प उद्या तळ्यात उतरायचा घाट. गाय उतरू शकेल, बाई हंडा घेऊन चढू शकेल, घसरलेलं पोर चार हात मारून तिथे पोचेल. वेगळं बांधकाम नको, खर्च नको. फक्त तो शेवटपर्यंत जागेवर राहिला पाहिजे.

आणि नेमका तोच राहत नाही. खाण संपत आली की सगळा चांगला दगड निघून गेलेला असतो, एका जागेचा सोडून: रॅम्पखालचा. दहा वर्षं त्याच्यावरून डंपर गेलेले असतात, त्याला हात लागलेला नसतो. मग शेवटच्या महिन्यात पोकलेन तळाशी उतरवतात आणि रॅम्प खालून वर असा खात खात बाहेर येतात. पोकलेन बाहेर आली की खड्ड्यात जायला वाटच उरत नाही. नकाशावर घाट असतो, जागेवर कडा. ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी पाहिली आहे की आता कुठलीही जुनी खाण बघताना माझी नजर आधी रॅम्पची जागा शोधते.

यावर उपाय कागदावरच सापडला. खाणीतला एकूण साठा मोजताना साडेसात मीटरांच्या पट्ट्याखालचा दगड वजा करतात, पायऱ्यांमध्ये अडकलेला वजा करतात. रॅम्पखालचा मात्र पुष्कळ जण विकाऊ साठ्यात धरतात, कारण आकडा मोठा दिसतो आणि बँकेला तो आवडतो. आम्ही तो सुरुवातीलाच वजा केला. साठ्याच्या तक्त्यात तो दगड आलाच नाही, तर मालकाच्या मनातही तो येत नाही. कर्जाच्या हप्त्यात नाही, भावाच्या वाटणीत नाही. शिवाय ग्रामसभेच्या ठरावात ओळ घालून घेतली की खाण बंद झाल्यावर रॅम्प गावाच्या वहिवाटीचा. आबा त्या ओळीवर बराच वेळ थांबले. मग म्हणाले, "राहू द्या. माझीच गुरं उतरतील."

तोंड खणत जाताना मधूनच पोकळ्या लागतात. लाव्ह्यातल्या बुडबुड्यांच्या जागी नंतर पाण्यानं खनिजं आणून साठवली, ती स्फटिकांच्या रूपानं आत चमकत असतात: स्टिल्बाइट, अपोफिलाइट, ह्यूलँडाइट. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींत सापडणारं गडद निळं कॅव्हॅन्साइट जगभरच्या खनिज संग्राहकांना ठाऊक आहे. सिन्नरजवळच्या गारगोटी संग्रहालयात गेलं तर आपल्या खडीच्या खाणींतून काय काय निघालं ते पाहायला मिळतं. आबांच्या मुकादमानं एकदा माझ्यापुढे रुमाल उलगडला, आत पीचच्या फुलासारख्या रंगाच्या स्टिल्बाइटचा गुच्छ, एकही पाकळी न तुटलेला. जॉ क्रशरमध्ये जाता जाता त्यानं तो हातानं उचलला होता. आम्ही आराखड्यात तरतूद केली की बंद होताना दक्षिणेच्या कड्याचा एक तुकडा मातीखाली न झाकता उघडा ठेवायचा, थर आणि पोकळ्या दिसतील असा. शाळेची मुलं तिथे भूगोल शिकतील. पर्यावरण मंजुरी देणाऱ्या समितीपुढे या तरतुदीला एकही प्रश्न आला नाही, आणि मला ती सगळ्या फायलीत सर्वांत प्रिय आहे.

झाडांबाबत मात्र प्रश्न आले. मंजुरीच्या अटींत रोपांची संख्या असते, जाती क्वचित. संख्या भरायची तर ग्लिरिसिडिया आणि सुबाभूळ लावतात, ती पटकन हिरवी दिसतात. आम्ही करंज, कडुनिंब, काटेसावर, हिवर, पळस, सीताफळ अशी यादी दिली. आक्षेप आला तो वाढ मंद असल्याचा. त्यावर मी ज्या माणसाचं उदाहरण दिलं तो माझ्या धंद्यातला माझा आदर्श आहे.

केनियात मोंबासाजवळ बाम्बुरी सिमेंटची प्रवाळी चुनखडीची खाण होती. १९५० च्या दशकापासून खणून तिथे समुद्रसपाटीजवळ पांढरं, खारट, निखळ वाळवंट झालं होतं. १९७१ मध्ये रेने हॅलर या स्विस कृषितज्ज्ञानं ते हिरवं करायला घेतलं. त्यानं २६ जातींची झाडं लावून पाहिली. तीन जगली. त्यांतलं एक सुरू, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर बनं दिसतात तेच. सुरू वाढला, पण त्याच्या सुया खाली पडून तशाच राहिल्या. त्यांत टॅनिन इतकं की कुजेनात. माती होईना, म्हणून दुसरं काही उगवेना. तेव्हा हॅलरनं तांबड्या पायांचे वाणी गोळा करून सोडले. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीवर चढतात आणि हात लावला की पैशासारखे गुंडाळतात, त्या वाणी किड्यांचे मोठे भाऊबंद. त्यांनी सुया खाल्ल्या, त्यांच्या विष्ठेतून माती झाली, मातीत इतर झाडं आली, पुढे मासे, पक्षी, पाणघोडे. आज ते हॅलर पार्क म्हणून ओळखलं जातं. १९८७ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानं हॅलरला ग्लोबल ५०० यादीत घेतलं.

मला त्या गोष्टीतला पार्क तितका महत्त्वाचा वाटत नाही. तेवीस जाती मेल्या तरी तो माणूस खाली वाकून पडलेल्या सुया उचलून बघत राहिला, हे मला मोलाचं वाटतं. खाणीच्या फायलीत अशा बघत राहण्याला रकानाच नाही. खाण बंद झाल्याचा दाखला मिळाला की सगळे घरी जातात. म्हणून आम्ही आबांच्या आराखड्यात पहिल्या पायरीची लागवड दुसऱ्या वर्षीच दाखवली, शेवटच्या वर्षी नव्हे. खाण चालू असते तोवर तिथे टँकर असतो, रखवालदार असतो, मुकादम असतो. मेलेलं रोप कुणाला तरी दिसतं आणि त्या जागी दुसरं लावता येतं. समितीतल्या एका ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञांनी ती ओळ अधोरेखित केली आणि मंद वाढीचा आक्षेप मागे घेतला.

पुण्यात वेताळ टेकडीवर एक जुनी खाण आहे. तिथे पाणी साठतं, पक्षी येतात, माणसं संध्याकाळी काठावर बसतात. तिचा कुणी आराखडा केला नव्हता. तरीही निसर्गानं तिचं भलं केलं, हा युक्तिवाद मालक माझ्यापुढे नेहमी करतात. मी त्यांना सांगतो की तिच्याभोवती टेकडीचं जंगल शाबूत होतं, बी तिथून आलं. ज्या खाणीभोवती पाच क्रशर आहेत तिला बी कुठून येणार? आणि निसर्गासाठी सगळं झाकून टाकायचं असंही नाही. उभ्या, निवांत कड्यावर शृंगी घुबड अंडी घालतं, मुरमाच्या कापावर वेडे राघू बिळं करतात. आबांच्या खाणीच्या पश्चिमेच्या कडेला घुबडाची जोडी आली तेव्हा ब्लास्टरनं आपणहून ती बाजू पिलं उडेपर्यंत बंद ठेवली. पश्चिमेचे ब्रास पुढच्या तिमाहीत काढू, असं त्यानंच मुकादमाला सांगितलं.

आबांची खाण अजून चालू आहे. वरच्या दोन पायऱ्या अखेरच्या रेषेवर आल्या आहेत, तिसरीचं काम चाललंय. रॅम्पच्या एका बाजूला आबांच्या धाकट्या मुलानं स्वतःच्या मनानं करंज लावले आहेत.

सध्या माझ्या टेबलावर त्याच तालुक्यातली दुसरी फाइल आहे. दीड हेक्टर, दोन भावांची जमीन, पश्चिमेला पाझर तलाव. शेवटचा नकाशा काढून झालाय आणि माती पसरायची पायरी कोणती ते दोघांनी मान्य केलंय. रॅम्प कुणाच्या बांधाकडे उतरवायचा यावर मात्र त्यांचं एकमत होत नाही, कारण ज्याच्या बाजूला रॅम्प, त्याचे ब्रास कमी. मी दोघांना सांगितलंय की ज्याच्या बाजूला रॅम्प येईल त्याच्या शेताला तळ्याचं पाणी सगळ्यांत जवळ पडेल. आता दोघंही तो मागतायत, आणि त्यामुळे भूमी अभिलेखची मोजणी होईपर्यंत नकाशावर ती एक रेघ पेन्सिलीचीच ठेवली आहे.